दाव्याची गाठ

आबांनी मेंदीचं कुंपण कापायच्या इलेक्ट्रिक कात्रीचं झाकण काढलं आणि आत जोरात फुंकर मारली. काळी धूळ उलटून त्यांच्याच पांढऱ्या मिशांवर बसली. शेजारी पाटावर बसलेल्या लेकीकडे, हिराकडे, न बघताच ते म्हणाले,

"हस, हस. पुण्यात असलं बघाया मिळत न्हाई."

"मी कुठं हसले, आबा?"

"तोंडानं न्हाई हसलीस. पर हसलीस."

पावसाळा सरून दव पडायला लागलं होतं. दरवर्षी या दिवसांत गवळीवाड्यातल्या त्यांच्या ओटीवर अशी यंत्रं येऊन पडत. बंगल्यांचे मालक मुंबईला असत. ते दिवाळीला येणार म्हटलं की लोणावळ्यातल्या माळ्यांची धांदल उडे. चार महिने ओल खाल्लेली यंत्रं बाहेर निघत. एखादं सुरूच होत नसे, एखादं सुरू होऊन ठिणग्या टाके. मग ती हातगाडीवरून, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावरून सोपान मिस्त्रींकडे, म्हणजे आबांकडे येत. रेल्वेच्या इलेक्ट्रिक शेडमध्ये उभी हयात घालवून आबा आता घरी बसले होते. म्हणजे शेडऐवजी ओटीवर बसले होते, एवढाच फरक.

त्यांनी चिमट्यानं मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा बाहेर काढला आणि हिराच्या तळहातावर ठेवला.

"किती राह्यलाय बघ. उडदाच्या डाळीएवढा. मागनं स्प्रिंग रेटतीया बिचारी, पर पोचत न्हाई. म्हनून ठिणग्या."

पत्र्याच्या डब्यातून त्यांनी इंजिनाच्या मोटरचा एक जुना, जाडजूड कार्बन शोधून काढला. करवतीनं त्याची एक चकती कापली आणि काचकागदावर घासत घासत ती कात्रीच्या खोबणीत बसेल एवढी बारीक केली. घासताना त्यांची जीभ दातांत धरलेली असे. हिरा लहानपणापासून ते बघत आली होती.

"आता बघ. शेटची मेंदी खंडाळ्याचा घाट चढंल."

"आबा, मेंदी कापायचीय. चढवायची नाही."

"दोरा आणलास का?" त्यांनी विषय बदलला. बोलण्यात हार आली की ते नेहमी असाच विषय बदलत.

हिरानं पिशवीतून रीळ काढून दिलं. पुण्यात ती ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती, तिथं जुन्या पुस्तकांची बांधणी करायला एक म्हातारा जिल्दसाज येई. त्याच्याकडून ती मेण लावलेला तागाचा दोरा मागून आणी. आबा कुठल्याही यंत्राला प्लग बसवत तेव्हा आतली प्रत्येक वायर त्या दोऱ्यानं आपापल्या पिनेच्या बुडाशी बांधून टाकत, आणि शेवटी तिन्ही वायरींना मिळून एक गाठ मारत. ती गाठ रेल्वेत शिकलेली नव्हती. परंदवडीला त्यांच्या वडिलांचे बैल होते, त्यांच्या दाव्याची ती गाठ होती. मशीन ओढताना वायरीला हिसका बसला तर तो दोऱ्यावर बसावा, स्क्रूवर बसू नये, असं त्यांचं म्हणणं. बाजारपेठेतले दुसरे वायरमन त्यांना चिडवत, "मिस्त्री, बैल बांधलाय का करंट?" आणि आबा वर न बघता म्हणत, "दोन्ही मारकंच की रं."

कात्री जोडून झाली. आबांनी तपकिरीची मोठी डबी उघडली. तिच्यात तपकीर कधीच नव्हती. बॅटरीचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि दोन लांब वायरी, एवढाच ऐवज. एक वायर त्यांनी कात्रीच्या लोखंडी अंगाला टेकवली आणि दुसरी प्लगच्या पिनांना एकामागून एक लावून बघितली. मोठ्या पिनेवर बल्ब लागला. उरलेल्या दोन्हींवर लागला नाही.

"आधी बल्ब," ते म्हणाले.

"मग हात," हिरानं पुरं केलं.

शाळेत जायच्या आधीपासून ती हे ऐकत होती. तिला रंग कळले तेसुद्धा आबांच्या वायरींवरून. लाल चावते, काळी परत नेते, हिरवी वाचवते. तिसरीत बाईंनी लाल रंगाचं काहीतरी सांगा म्हटल्यावर सगळ्या मुलींनी गुलाब आणि कुंकू सांगितलं होतं. हिरानं सांगितलं होतं, चावणारी वायर.

"सकाळी गुलबहारला गेलतो," कात्रीची पाती पुसता पुसता आबा सांगू लागले. "तुंगार्लीचा बंगला. शेटच्या लेकानं बाहेरदेशातनं गवत कापायचं मशीन आणलंय, बोटीतनं. रंग काय, चाकं काय! पर त्याच्या प्लगच्या पिना आपल्याकडं बसंनात. मग तोडला त्यो आन आपला तीन पिनांचा बसवला. गंमत सांगू? आत हिरवी वायरच न्हाई. लाल, काळी, आन एक करडी."

"करडी?"

"त्यांच्यात हिरवा रंग संपला आसंल." आबा स्वतःच्या विनोदावर खुशीत हसले. "बसवला, आन बघतो तर लाइनच गेलेली. उद्या सकाळच्याला जाऊन चालू करून देतो."

अंधारून आलं तशी आत आईनं हाक मारली, "हिरे, दिवा लाव गं. हात पिठाचं हायेत."

हिरानं स्वयंपाकघरात जाऊन बटन वर केलं आणि दिवा लागला. साऱ्या गावात बटन खाली केल्यावर दिवा लागे, त्यांच्याकडे वर केल्यावर. घरात वीज आली तेव्हा आबांनी ते स्वतः बसवलं होतं, उलटं. पहिल्या दिवशी आईनं, चिमाबाईंनी, ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि वर करायची सवय लावून घेतली. पाहुणे चाचपडत तेव्हा त्या सांगत, "आमच्यात वर करत्यात." हिरानंही कधी तोंड उघडलं नाही. आबा चिडले असते असं नव्हे. त्यांचं चुकतं हे वाक्यच त्या घरात कुणाला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा निघाले तेव्हा हिरा उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसली होती.

"येतो गं. माजा च्या झाकून ठेव."

"हं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

चहा तसाच झाकलेला राहिला.

काय झालं ते गुलबहारचा माळी कोंडू यानं सांगितलं, पोलिसांना आणि नंतर जो विचारील त्याला. मशीन हिरवळीवर उभं होतं. वायर लांब सोडून व्हरांड्यापर्यंत आणली होती, आणि व्हरांड्यातल्या बटनाशी कोंडू उभा होता. मिस्त्री म्हणाले, "दाब." त्यानं दाबलं. मशीन सुरू झालं नाही. मिस्त्री म्हणाले, "ह्याच्या पोटात काय अडकलंय का बगतो," आणि दवानं भिजलेल्या गवतात उकिडवे बसून त्यांनी दांडी धरली. ते बघतायत असंच कोंडूला वाटलं. बराच वेळ वाटलं. मग त्यानं वायर ओढून प्लग उपसला.

फौजदार आला, पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं गेलं. पण कागदावर काही का लिहिलेलं असेना, बाजारपेठेत निकाल वेगळाच लागला. सोपान मिस्त्रींचा हात चुकणं शक्य नव्हतं. मग त्यांनी बसवलेला प्लग मागाहून कुणीतरी उघडला असला पाहिजे. मशीन एक रात्र बंगल्यावर होतं, आणि बंगल्यावर रात्री कोंडूच्या बिऱ्हाडाशिवाय कुणी नव्हतं. आदल्या वर्षी त्यानं फ्यूजमध्ये तारेऐवजी खिळा घातला होता, ते साऱ्या तुंगार्लीला ठाऊक होतं. उचापती माणूस. बघायला गेला असेल प्लगात काय आहे ते.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर गुलबहारचे मुकादम दत्तोबा ओटीवर येऊन बसले. ते आबांचे जुने स्नेही होते. उन्हाळ्यात दोघं वलवणच्या तळ्याकाठी गळ टाकून तासन्‌तास न बोलता बसत.

"उद्या शेट येनार हायती," दत्तोबा म्हणाले. "कोंडूला खोली खाली कराया सांगितलीया. पर शेट म्हनत्यात, मिस्त्रीच्या घरच्यांचं काय म्हननं हाय ते इचारा. त्यांचा सबूद शेवटचा. तुमी म्हनाल तर फौजदाराकडंबी परत जाऊ."

चिमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे.

"त्यांचा हात चुकायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "रेल्वेच्या तारंखाली जलम काढला त्यांनी. हिरे, तू शिकलेली हायस. तू जाऊन बग. त्या कोंडूनं काय केलंय ते बग आन शेटला सांग. सोडू नको त्याला."

हिरानं आबांची कॅनव्हासची पिशवी खुंटीवरून काढली. पिशवीचा पट्टा आबांच्या खांद्याच्या मापाचा होता; तिच्या कमरेखाली येऊन ती चालताना मांडीवर आपटत राहिली. वाटेत दत्तोबा काहीबाही बोलत होते. तिच्या मनात एकच गोष्ट होती. प्लग उघडायचा. आत ओबडधोबड पिळलेल्या तारा असतील, अर्धवट घट्ट केलेले स्क्रू असतील, आणि मग हे संपेल. आबा जसे होते तसे परत मिळतील.

"त्या दिशी च्याबी न्हाई घेतला त्यांनी," चढावर दम लागून थांबताना दत्तोबा म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"प्लग बसवला त्या दिशी. आदल्या दिशी गं. म्हनलं, मिस्त्री बसा, च्या सांगितलाय. तर न्हाई. पिशवी आवरली सुद्धा. पोरगी यायचीया दुपारच्या गाडीनं म्हनले. गेले तसंच."

हिरानं पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

बंगल्याच्या मागं कोंडूची खोली होती. दाराशी दोन गाठोडी बांधून ठेवली होती आणि त्याची बायको बाया टोपलीखाली कोंबड्या कोंडत होती. ती माणसं लोहगडवाडीची. बंगल्यावर राहायला आल्यापासून वाडीतलं छप्पर पडून गेलं होतं. हिराला बघून बाया उभी राहिली.

"या ताई. बिऱ्हाड हाललेलं बगाया आलात? यवढं गाठुडं उचलू लागता का?"

"गप गं," कोंडू आतून म्हणाला आणि बाहेर आला. चाळिशीचा, वाळलेला माणूस. हिरासमोर तो उभा राहिला तो हात मागं बांधून, जणू काही ते हात दिसले तरी गुन्हा होईल.

"बटन मी दाबलं, ताई," तो म्हणाला. "त्ये मी न्हाई म्हनत न्हाई. मिस्त्री म्हनले दाब, दाबलं. पर प्लगाला मी हात लावला न्हाई."

"आन फ्यूजात खिळा?" दत्तोबा म्हणाले. "त्यो काय भुतानं घातला व्हता?"

"मी घातला. तवा इचारल्याबरूबर मीच सांगितलं न्हवं? आता सांगाया मला काय झालं असतं?"

"तवा मानूस मेला न्हवता."

हिरानं विचारलं, "मशीन कुठंय?"

गराजमध्ये ताडपत्रीखाली ते झाकून ठेवलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या जवळ कुणी गेलं नव्हतं. दत्तोबांनी दोन बोटांनी ताडपत्री ओढली आणि मागं सरकले. फिकट हिरव्या रंगाचं, रबरी चाकांचं, अजून नव्या रबराचा वास असलेलं यंत्र. पात्यांवर एकही गवताची काडी नव्हती. त्यानं अजून काहीच कापलं नव्हतं.

हिरा जमिनीवर बसली. वायर कशालाच जोडलेली नाही हे तिनं हातानं चाचपत शेवटापर्यंत बघितलं. मग प्लग मांडीवर घेतला, पिशवीतून पेचकस काढला आणि मधला स्क्रू सोडवला. झाकण निघालं.

आत तिचा दोरा होता.

प्रत्येक वायर आपल्या पिनेच्या बुडाशी तीन वेढे देऊन बांधलेली, टोकं जाळून चिकटवलेली, आणि खाली तिन्ही वायरींना मिळून दाव्याची गाठ. दोरा कुठंही तुटलेला नव्हता, सैल नव्हता. तो कापल्याशिवाय यातली एकही वायर जागची हलली नसती. एका वेढ्यावर मेणात आबांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

"काय केलंय त्यानं?" दत्तोबा दारातून म्हणाले. त्यांना वाकून बघायचं धाडस होत नव्हतं.

"बघते," हिरा म्हणाली.

लाल वायर चावणाऱ्या पिनेवर होती. काळी परतीच्या पिनेवर. करडी मोठ्या पिनेवर, वाचवणारीच्या जागी. सगळं बरोबर होतं. आबांनी जन्मभर प्लग बसवले तसाच हाही बसवला होता. मग दोष यंत्राच्या पोटात असणार, आत कुठंतरी एखादी तार सुटून लोखंडाला टेकली असणार. तसं असेल तर आबांचाही दोष नव्हता, कोंडूचाही नव्हता. तिला एकदम हलकं वाटलं. तिनं घाईघाईनं तपकिरीची डबी उघडली.

दांडीच्या टोकाला लोखंड उघडं होतं तिथं तिनं एक वायर टेकवली. दुसरी मोठ्या पिनेला लावली. बल्ब लागला नाही. वाचवणारी वायर यंत्राच्या अंगाला जोडलेलीच नव्हती. मग काळ्या वायरीच्या पिनेला. नाही. मग लाल.

बल्ब स्वच्छ लागला.

तिनं वायर काढली, पुन्हा लावली. पुन्हा लागला. मग यंत्राचा खटका चालू करून काळी आणि करडी यांच्यावर धरून बघितलं. बल्ब लागला पण मंद, मोटरच्या तारेतून वाट काढत आल्यावर लागतो तसा. म्हणजे मोटर धडधाकट होती, आणि ती काळ्या आणि करड्या वायरींवर चालणार होती. लाल वायरीशी तिचा काही संबंधच नव्हता.

तरीही तिनं मोटरवरचं झाकण उघडलं. कुठंतरी काहीतरी सुटलेलं दिसावं म्हणून ती बघत राहिली. काहीच सुटलेलं नव्हतं. लाल वायर नीट वळण घेऊन आत आली होती आणि यंत्राच्या लोखंडी अंगावर पितळी स्क्रूनं पक्की बसवली होती. स्क्रूवर कारखान्यातला लाखेचा थेंब होता, न फुटलेला. ते असंच केलेलं होतं, मुद्दाम, काळजीपूर्वक, ज्यानं कुणी केलं त्याच्या देशातल्या रीतीप्रमाणे. त्या देशात वाचवणारी वायर लाल होती.

त्या माणसानं ती वाचवायला बसवली होती. आबांनी तिच्यात वीज सोडली. म्हणूनच बटन दाबल्यावर मोटर हललीसुद्धा नाही, आणि गप उभ्या असलेल्या यंत्राची दांडी आबांनी विश्वासानं धरली.

डबी पिशवीत होती. त्याही दिवशी असणार. लाइन गेली असली तरी डबीला लाइन लागत नव्हती. बल्ब एकदा टेकवला असता तर पुरे होतं. पण हिरवी नाही म्हणून आबांना हसू आलं, आणि लाल वायरीला विचारून बघावं असं त्यांना वाटलं नाही. शिवाय दुपारच्या गाडीची वेळ झाली होती.

बाहेर बाया कोंबडीला शिव्या देत होती. कोंबडी टोपलीखाली जायला तयार नव्हती. कोंडू गाठोड्याची दोरी सोडून पुन्हा आवळत होता, नुसतंच काहीतरी करायचं म्हणून.

"कळंना झालंय व्हय?" दत्तोबा म्हणाले. "न्हाई कळलं तर न्हाई. मी सांगतो शेटला, कुनीतरी उघडलावता म्हनून. त्यात काय खोटं हाय?"

पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आबांची छोटी कात्री होती, दोरा कापायची. हिरानं ती काढली. उघडी कात्री तिनं गाठीच्या वेढ्याखाली सरकवली. दोरा पात्यावर ताणला गेला. एवढंसं दाबलं की गाठ नव्हती, दोरा नव्हता. लाल, काळी, करडी अशा तीन वायरी राहिल्या असत्या, ज्या कुणीही कशाही लावल्या असत्या. दाव्याच्या गाठीखाली काय आहे हे या गावात तिच्याशिवाय कुणाला वाचता येणार नव्हतं. आई भिंतीला टेकून वाट बघत होती.

तिनं कात्री मिटून कप्प्यात ठेवली.

"काका, इकडे या," ती म्हणाली. "आत या. काही होत नाही. हे बघा, हा दोरा मी आणलेला आहे. ही गाठ आबांची. प्लग आबांनीच बसवला, त्यानंतर तो कुणीही उघडलेला नाही."

दत्तोबा वाकले. गळ टाकून बसत तेव्हा आबांनी त्यांच्या दोरीला हीच गाठ मारून दिलेली असे.

"मग मशीनच खराब," ते म्हणाले.

"मशीन चांगलं आहे. त्यांच्याकडे लाल म्हणजे आपली हिरवी. आबांनी बल्ब लावून बघितलं नाही." तिनं पुन्हा वायरी टेकवून दाखवल्या. बल्ब लागला. दत्तोबांच्या डोळ्यांत तो दोन ठिकाणी लागलेला दिसला.

ते झटकन सरळ झाले. दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"हळू बोल, पोरी. मिस्त्री गेलं. आता नाव तेवढं मागं हाय. कोंडूला काय, दुसरीकडं कुटंबी काम मिळंल."

"माणूस मारला म्हणून काढलेल्याला?"

"तुज्या आईला काय सांगशील?"

हिरा मोटरवरचं झाकण परत बसवू लागली.

"आन मला काय सांगतीस?" दत्तोबांचा आवाज फाटला. त्यांना राग आला होता. कुणाचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "तोंडावर कदी म्हनलीस का त्यांच्या, चुकलं म्हनून? तुमच्या घरातलं बटन उलटं हाय, त्येबी कुनी सांगितलं न्हाई त्यांना. मी न्हाई, तू न्हाई. आन आता म्हनतीस व्हय? मेल्यावर?"

बाहेर आवाज थांबले होते. डोक्यावर कोंबड्यांची टोपली घेऊन बाया गराजच्या दारात उभी होती. तिच्या मागं कोंडू, हात अजून तसेच मागं.

हिरा उठली. तिनं यंत्राची दांडी धरली, आबांनी धरली असेल तिथं, दोन्ही हातांनी. लोखंड गार होतं. मग घरात ओटीवरून हाक मारताना लागायचा तेवढा आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली,

"आबा, तुमचं चुकलं."